डेल्फ्टचे काचचित्र : मनोरा डावीकडे का, याचा उलगडा

डेल्फ्ट या डच शहराच्या काचचित्रातील, म्हणजे काचेच्या मागच्या बाजूवर रंगवून पुढून पाहायच्या चित्रातील, मनोरा डावीकडे का आहे, या प्रश्नाने आपल्यापैकी अनेकांचा पिच्छा पुरवला होता. त्याचे उत्तर आता हाती आले आहे आणि त्याबरोबर पुढच्या शोधाची दिशाही बदलली आहे, म्हणून ही नोंद नेहमीपेक्षा लांबली आहे. चित्र मिरजेच्या जुन्या बाजारातून कसे मिळाले, सागवानी चौकट कशी उघडली आणि आम्सटरडॅम, हार्लेम व उट्रेख्ट ही नावे एकेक करून कशी गळाली, हे मागील नोंदींत आलेच आहे. चार कोपऱ्यांवर चार लहान टोकदार कळस आणि मधोमध मोठा कळस असलेला तो विटांचा मनोरा डेल्फ्टच्या आउडे केर्कचा, म्हणजे जुन्या चर्चचा आहे, यावर आता कोणाचे दुमत नाही. पुढ्यातला कालवा अर्थातच आउडे डेल्फ्ट. मनोऱ्याचा पाया याच कालव्याच्या बुजवलेल्या जुन्या पात्रावर पडला असल्यामुळे तो बांधकाम सुरू असतानाच कलला.

हा कल काचचित्रात उतरला आहे का, हे आधी तपासले. मनोरा सुमारे ७५ मीटर उंच असून त्याचे टोक जवळजवळ २ मीटर सरकलेले आहे. चित्रात मनोऱ्याची उंची ११ सेंटिमीटर भरते, म्हणजे टोक फार तर तीन मिलिमीटर सरकलेले दिसायला हवे. चौकट भिंतीला समपातळीत टांगून, समोर गवंड्याचा ओळंबा सोडून भिंगातून पाहिले, तेव्हा दोरा मनोऱ्याच्या पायथ्याशी कडेला टेकत होता आणि कळसापाशी कडेपासून स्पष्ट सुटत होता. ते अंतर अडीच ते तीन मिलिमीटरच्या दरम्यान आहे. काचेवर रंगवणाऱ्या कारागिराने डेल्फ्ट पाहिले असण्याची शक्यता जवळजवळ नाही, तरी ज्या छापचित्रावरून त्याने काम केले त्यातला कल त्याने इमानाने उतरवला, याचे मला फार अप्रूप वाटले. अशा माणसाच्या बाकीच्या तपशिलांवरही विश्वास ठेवायला हरकत नाही.

आता मूळ अडचणीकडे येतो. आउडे डेल्फ्ट हा कालवा साधारणपणे दक्षिणोत्तर वाहतो आणि चर्च त्याच्या पूर्व काठावर आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे पाहिले तर मनोरा उजव्या हाताला येतो, उत्तरेकडून दक्षिणेकडे पाहिले तर डाव्या हाताला. आपल्या चित्रात तो डावीकडे आहे, म्हणून मूळ चित्रकार उत्तरेला उभा राहून दक्षिणेकडे पाहत होता, असे धरून आपण सगळे चाललो होतो. परंतु त्या बाजूने एकही घर जुळेना. दुसरी शक्यता अशी की चित्र आरशातल्यासारखे उलटे आहे. मनोऱ्याचा कल यात काहीच मदत करीत नाही, कारण चित्र उलटे केले तरी कालव्याच्या सापेक्ष तो कल त्याच बाजूचा राहतो. आपल्याकडे आयर्विन पुलाचे उदाहरण घ्या. सांगलीच्या घाटावरून, काठ उजव्या हाताला ठेवून, नदीच्या वरच्या अंगाला घेतलेला फोटो मोबाइलमध्ये उलटा केला की तो सांगलीवाडीच्या काठावरून घेतल्यासारखा दिसतो, आणि नदी व पूल एवढेच चौकटीत असतील तर सांगलीकरही फसतो. काठावरची ओळखीची इमारत दिसली, तरच चूक पकडता येते.

म्हणून ओळखीची इमारत शोधणे भाग होते आणि ती उजव्या हाताच्या रांगेत सापडली. विटांच्या तांबड्या घरांमध्ये एकच दर्शनी भिंत फिक्या दगडी रंगाची आहे. तिच्या खिडक्यांवर टोकदार गॉथिक कमानी आहेत आणि दाराच्या वरच्या अंगाला लाल, निळ्या व सोनेरी ठिपक्यांची ओळ आहे. नुसत्या डोळ्यांना ते ठिपके डाग वाटतात. दहापट भिंगाखाली त्या कुलचिन्हांच्या ढाली असल्याचे दिसते. या खुणांवरून हे घर म्हणजे डेल्फलंडच्या, म्हणजे डेल्फ्टच्या परिसराच्या, पाणी-मंडळाचे खेमेनलान्ट्सहाउस. हे घर १५०५ च्या सुमारास यान दे हाउटर या अधिकाऱ्याने बांधले, १५३६ च्या मोठ्या आगीतून ते वाचले आणि १६४५ पासून बांध, कालवे व पाण्याची पातळी सांभाळणाऱ्या मंडळाचे ते कार्यालय झाले. आमच्या गटातले अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग आधी ऑफिस शोधायचं होतंत. पाण्याच्या खात्याचं ऑफिस कालव्यापासून लांब कधी जात नाही."

हे घर आउडे डेल्फ्टच्या पश्चिम काठावर १६७ क्रमांकाचे आहे. त्याच काठावर, चर्चच्या समोर प्रिन्सेनहॉफ ही जुनी इमारत आहे आणि त्याचा क्रमांक १८३. घरांचे क्रमांक उत्तरेकडे वाढत जातात, म्हणजे खेमेनलान्ट्सहाउस मनोऱ्याच्या दक्षिणेला पडते. उत्तरेकडून पाहणाऱ्याला आधी प्रिन्सेनहॉफ व मनोरा दिसेल आणि दगडी घर त्यांच्या पलीकडे, लहान होत गेलेले दिसेल. दक्षिणेकडून पाहणाऱ्याला ते घर मनोऱ्याच्या अलीकडे, मोठे दिसेल. आपल्या चित्रात ते अलीकडे आहे आणि चांगले मोठे आहे. तेव्हा मूळ चित्रकाराची नजर उत्तरेकडेच आहे, आणि मनोरा डावीकडे दिसतो तो केवळ चित्र उलटे असल्यामुळे.

एवढ्या एका पुराव्यावर थांबावे असे वाटले नाही, म्हणून उजेड तपासला. येथे सांगलीच्या माणसाने आपली सवय बाजूला ठेवणे आवश्यक आहे. आपण १७ अंश अक्षांशाच्या किंचित अलीकडे राहतो आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. डेल्फ्ट ५२ अंशांवर आहे. तिथे मध्यान्हीचा सूर्य बाराही महिने दक्षिणेलाच असतो. जूनमध्ये तो ६१ अंशांपर्यंत चढतो आणि डिसेंबरमध्ये जेमतेम १५ अंशांपर्यंत. उन्हाळ्यात पहाटे व संध्याकाळी तो थोडा वेळ उत्तरेच्या अंगाला असतो खरा, परंतु जूनच्या सर्वांत मोठ्या दिवशीही नेमक्या पूर्वेला येईपर्यंत त्याची उंची ३१ अंशांच्या वर जात नाही. चित्रात मनोऱ्याची आपल्याकडची बाजू उन्हात आहे आणि काठावर टोपली घेऊन उभ्या असलेल्या बाईची सावली तिच्या उंचीपेक्षा आखूड आहे, म्हणजे सूर्य ४५ अंशांच्या वर आहे. इतक्या उंचीवरच्या सूर्याचे ऊन डेल्फ्टमधल्या कोणत्याही भिंतीच्या उत्तर बाजूवर पडू शकत नाही. उजळलेली बाजू दक्षिणेचीच आणि आपण दक्षिणेलाच उभे. शिवाय उजवीकडची रांग उजळ व डावीकडची सावलीत आहे. चित्र सुलटे करून पाहिले की हे आग्नेयेच्या, म्हणजे सकाळच्या उन्हाशी तंतोतंत जुळते. खोलीत बसून रंगवणाऱ्याच्या सावल्यांवर फार भिस्त ठेवू नये, हे मान्य. तथापि घराची जागा आणि ऊन हे दोन स्वतंत्र साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील, तर ती मानावी.

उलटेपणाचे कारण काचचित्राच्या पद्धतीतच आहे. कागदावरचे छापचित्र काचेखाली ठेवून वरच्या बाजूने रेषा गिरवायच्या, आधी बारीक तपशील व चकाकी, मग अंगरंग आणि सर्वांत शेवटी आकाश, अशा उलट क्रमाने रंग भरायचा आणि मग काच पालटून पलीकडच्या बाजूने चित्र पाहायचे. जाणीवपूर्वक दुरुस्ती केली नाही, तर डावे-उजवे आपोआप पालटते. कँटनमधले चिनी कारागीर १८ व्या शतकात युरोपीय छापचित्रांवरून अशी काचचित्रे करीत आणि व्यापाराच्या वाटेने ही कला आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही आली. आपल्या चित्रातील सभ्य गृहस्थाची तलवार उजव्या कमरेला लटकते आहे. उजव्या हाताने तलवार उपसणारा माणूस ती डावीकडे बांधतो. कारागिराने दुरुस्ती केलेली नाही, याची ही छोटी पण गोड खूण आहे.

यामुळे आपली मूळ चित्राच्या शोधाची यादी हलते. आपण जर्मनीतल्या ऑग्सबुर्गच्या 'ऑप्टिक' छापचित्रांना अग्रक्रम दिला होता. ती भिंग व आरसा बसवलेल्या पेटीतून पाहण्यासाठी असल्यामुळे त्यांतली बरीच मुळातच उलटी छापलेली असतात. उलट्यावरून गिरवलेले काचचित्र सुलटे झाले असते आणि मनोरा उजवीकडे आला असता. त्या हिशेबाने ऑग्सबुर्ग बाद ठरते आणि डेल्फ्टची साधी, सुलटी डच छापचित्रे पुढे येतात. त्यांत डच चित्रकार आब्राहाम राडेमाकरच्या रेखाटनांवरून केलेली छापचित्रे मी सर्वप्रथम पाहणार आहे. मात्र हे लिहिता लिहिता एक पळवाट ध्यानात येते. कारागिराने गिरवण्याऐवजी नजरेने नक्कल केली असेल आणि काच पालटण्याचा हिशेब आधीच धरला असेल, तर ऑग्सबुर्गचा उलटेपणा जसाच्या तसा राहील. तेव्हा ऑग्सबुर्ग पूर्ण खोडत नाही, दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. दोन्हींमध्ये निवाडा करण्याचा मार्ग सोपा आहे : गिरवलेले चित्र मूळ छापचित्राच्या नेमक्या आकाराचे असते. मनोरा ११ सेंटिमीटर आणि दगडी घराची रुंदी ३४ मिलिमीटर ही दोन मापे ज्या छापचित्रात एकाच वेळी सापडतील, ते आपले. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर छापाची मापे दिलेली असतात. या बाबतीत आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियमचे काम सर्वांत नीटस आहे : मापे स्पष्ट, मोठ्या आकाराची प्रतिमा मोफत, आणि तिच्यावर नावाचा शिक्का मारलेला नाही. आपल्याकडच्या संग्रहांनी एवढे जरी उचलले, तरी आपल्यासारख्यांची निम्मी वणवण वाचेल.

मूळ चित्रकार कुठे उभा होता, याचा अंदाजही आता बांधता येतो. कालव्याच्या दोन्ही काठांच्या रेषा वाढवल्यावर त्या जिथे मिळतात, त्या बिंदूतून जाणारी क्षितिजरेषा मनोऱ्याच्या पायथ्यापासून सुमारे पाच मिलिमीटर वरून जाते. ११ सेंटिमीटर म्हणजे ७५ मीटर, तर पाच मिलिमीटर म्हणजे साधारण ३.४ मीटर, ही पाहणाऱ्याच्या डोळ्याची काठापासूनची उंची. उभ्या माणसाचे डोळे दीड-पावणेदोन मीटरवर असतात, म्हणून त्याच्या पायाखाली आणखी पावणेदोन मीटर उंचवटा हवा. तो कमानदार पुलाचा माथा असू शकतो किंवा एखाद्या घराची जरा उंचावरची खिडकी. मात्र चित्रात कालवा बरोबर मधोमध येतो, म्हणून मी पुलाच्या बाजूने आहे. क्षितिजरेषेत एका मिलिमीटरचा फरक पडला तरी उत्तर सत्तर सेंटिमीटरने बदलते, तेव्हा हे माप बटर पेपरवर पुन्हा काढावे लागेल. मोबाइलच्या स्कॅनिंग ॲपवर काढलेली प्रतिमा यासाठी वापरू नका. ती ॲप्स न विचारता कडा सरळ करतात आणि नेमका आपल्याला हवा तो तिरकेपणा पुसून टाकतात.

पूल कोणता, हे मात्र जागच्या मोजमापांवरून ठरवावे लागेल. कलेतिहासकार फ्रान्स ख्रेइझेनहाउट यांनी २०१५ मध्ये डेल्फ्टचा चित्रकार व्हर्मीर याच्या 'छोटा रस्ता' या चित्रातली जागा फ्लामिंगस्ट्राट ४०-४२ अशी ठरवली, तेव्हा त्यांनी १६६७ च्या एका कर-नोंदवहीचा आधार घेतला. कालवा खोल करण्याचा व काठ दुरुस्त करण्याचा खर्च घरमालकांकडून वसूल करण्यासाठी त्या वहीत प्रत्येक घराची व त्यामधल्या बोळाची रुंदी नोंदलेली होती. रंगांच्या पोतापेक्षा पाणीपट्टीची वही अधिक बोलकी ठरली. आपल्याला घरांच्या रुंदीसाठी १८३२ चा डच भूमापन नकाशा पुरेसा होईल, कारण खेमेनलान्ट्सहाउस व मनोरा यांच्या जागा बदललेल्या नाहीत. दगडी घराची खरी रुंदी, मनोऱ्याची खरी उंची आणि त्यांची चित्रातली मापे एवढ्यावरून दोघांपासूनच्या अंतरांचे गुणोत्तर निघते, आणि ते गुणोत्तर कालव्यावरच्या एकाच ठिकाणी जुळेल. सर्व्हे शिकवणाऱ्या सरांनी हे गणित करून देण्याचे कबूल केले आहे. इमारतींच्या रचनेसाठी १६७५ ते १६७८ या काळातला 'कार्ट फिगुराटीफ' हा डेल्फ्टचा विहंगम नकाशा जोडीला ठेवू.

काचेच्या प्रकृतीविषयी थोडक्यात : आकाशाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात रंगाचे पोपडे सुटू लागले आहेत. शहरातल्या एका फ्रेमवाल्याने मागून पारदर्शक वार्निशचा हात मारून देतो, असे सांगितले; मी चौकट उचलून घरी आणली. सुटलेल्या रंगावर वार्निशचा ब्रश फिरला की पोपडा ब्रशबरोबर निघतो. तूर्त मागची फळी आणि रंग यांच्यात बोटभर पोकळी ठेवली आहे, सिलिका जेलच्या पुड्या कोपऱ्यांत बसवल्या आहेत आणि पावसाळा संपेपर्यंत चित्र उभे न ठेवता, काच खाली व रंगाची बाजू वर अशा स्थितीत आडवे ठेवणार आहे. कोणाकडे काचचित्रावरील सुटे पोपडे बसवण्याचा प्रत्यक्ष अनुभव असल्यास अवश्य कळवावे. आणि ज्यांच्याकडे डेल्फ्टची कोणतीही छापचित्रे असतील, त्यांनी आधी पट्टी लावून मनोरा मोजावा.