आमची वाटचाल: फोनवरच्या उत्तरापासून कम्युनिटीपर्यंत

ठिबक सिंचनाचे साहित्य विकणे, ते बसवून देणे आणि बसवल्यानंतर वर्षानुवर्षे चालू ठेवणे हा आमचा व्यवसाय आहे. सांगलीतील दुकान आणि कुपवाड एमआयडीसीतील गोदाम एवढाच आमचा पसारा. ग्राहक मात्र तासगाव, पलूस, कवठेमहांकाळपासून थेट जतपर्यंत पसरलेले आहेत आणि त्यांत द्राक्षबागायतदारांचा भरणा मोठा आहे. या धंद्यात माल एकदाच विकला जातो, पण त्याच्याविषयीचे फोन पुढे अनेक हंगाम येत राहतात. ऑक्टोबर छाटणी झाली, की रात्रीच्या पाळीच्या विजेवर मोटार चालवून बसलेले बागायतदार पहाटेच फोन करू लागतात आणि कोणताच प्रश्न उद्यावर ढकलण्यासारखा नसतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा द्राक्षाचा हंगाम संपलेला नव्हता, बेदाण्याची शेड चालू होती आणि फिटरला शेतावर पाठवणे अवघड झाले होते. जे काम पान्हा घेऊन करायचे, ते फोनवर समजावून सांगण्याची वेळ आली. तोवर आमच्या दोघा-तिघांच्या खासगी मोबाईलवर चालणारा हा कारभार आम्ही क्लाउड टेलिफोनीवर, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनव्यवस्थेवर नेला. त्यामुळे एकच क्रमांक, मिस्ड कॉलची नोंद, कॉलचे रेकॉर्डिंग आणि कॉल संपताच एजंटने (फोन घेणाऱ्या आमच्या कर्मचाऱ्याने) निवडायचा कॉलचा प्रकार, म्हणजेच डिस्पोझिशन, या सोयी मिळाल्या. ग्राहकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आधीपासून होता, परंतु त्या काळी ग्रुपला २५६ सदस्यांची मर्यादा होती आणि चांगले उत्तर दुसऱ्या दिवशीच्या शुभ सकाळच्या संदेशांखाली गाडले जाई. म्हणून पुढे डिस्कोर्स या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरवर आम्ही ग्राहकांची स्वतंत्र कम्युनिटी, म्हणजे ऑनलाइन चर्चामंच, उभी केली. तेथे प्रत्येक प्रश्नाचे स्वतंत्र पान राहते आणि ते नंतर शोधता येते.

अडचण अशी होती, की फोनवरचे ज्ञान फोनवरच राहत होते. कवठेमहांकाळकडच्या एका बागायतदाराने ड्रिपरमधून (थेंब सोडणाऱ्या तोटीतून) पांढरा गाळ येत असल्याचे कळवले. चौकशी केली, तेव्हा त्यांनी कॅल्शियम नायट्रेट आणि बारा-एकसष्ट हे फॉस्फेटयुक्त खत एकाच टाकीत कालवून सोडले होते, असे निघाले. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले, की न विरघळणारा साका तयार होतो आणि तो लॅटरलमधून (ड्रिपर बसवलेल्या नळीतून) थेट ड्रिपरच्या तोंडाशी जाऊन बसतो. त्यामुळे ही दोन खते वेगवेगळ्या दिवशी सोडावीत आणि बसलेला थर आम्लप्रक्रियेने काढावा, हे आमच्या एजंटने त्यांना नीट समजावले. आठवडा उलटतो न उलटतो, तोच दुसऱ्या तालुक्यातून हाच प्रश्न आला आणि तेच उत्तर पहिल्यापासून द्यावे लागले. तिकडे कम्युनिटीवर कोणी विचारलेला तातडीचा प्रश्न एजंटच्या नजरेस पडत नव्हता, कारण त्याचे लक्ष फोनच्या स्क्रीनवर असे.

दोन्ही बाजू जोडण्यासाठी प्रोग्रामर नेमण्याची आमची ऐपत नव्हती आणि तशी गरजही नव्हती. कोड न लिहिता ॲप जोडून देणारी झॅपियर, मेक, एन-एट-एन अशी साधने उपलब्ध आहेत. आम्ही मेक निवडले. त्यात कामाचा सगळा प्रवाह पडद्यावर गोलांच्या साखळीसारखा दिसतो, वाटा फोडता येतात आणि चूक झाल्यास काय करायचे तेही तेथेच आखून ठेवता येते. पूर्वी इंटिग्रोमॅट म्हणून ओळखले जाणारे हेच साधन २०२२ मध्ये मेक झाले. मेकचा हिशेब मुख्यतः पायऱ्यांच्या संख्येवर चालतो, म्हणून दर कॉलमागे किती पायऱ्या पडतील, हे कागदावर मांडल्याशिवाय कोणत्याही छोट्या व्यावसायिकाने प्लॅन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जोडणीचा गाभा साधा आहे. एजंटने कॉल संपवून डिस्पोझिशन निवडले, की टेलिफोनीचे सॉफ्टवेअर त्याच क्षणी मेकने दिलेल्या पत्त्यावर माहिती पाठवते. यालाच वेबहुक म्हणतात. दर पंधरा मिनिटांनी जाऊन काही नवे आले का ते पाहण्यापेक्षा ही पद्धत जलद आहे. पुढे मेक आपल्या डेटा स्टोअरमध्ये (माहितीच्या साठ्यात) तो मोबाईल क्रमांक कोणत्या सदस्याचा आहे हे पाहते आणि प्रश्न सर्वांच्या उपयोगाचा असल्याची खूण एजंटने केली असेल, तर कम्युनिटीच्या केवळ कर्मचाऱ्यांना दिसणाऱ्या विभागात कच्चा मजकूर तयार करते. उलट दिशेने, कम्युनिटीवर ‘तातडीचे’ असा टॅग लागलेला प्रश्न फोनच्या रांगेत कॉलबॅक, म्हणजे आम्ही उलट करायचा फोन, म्हणून जाऊन बसतो.

कागदावर हे सोपे दिसते; खरे काम बारीकसारीक गोष्टींत होते. एकच क्रमांक कोठे +९१ लावून येतो, कोठे आधी शून्य असते, तर कोठे मध्ये जागा सोडलेली असते. म्हणून आधी शेवटचे दहा अंक काढून घ्यायचे आणि मगच जुळवणी करायची, अशी पायरी घालावी लागली. काही वेळा तोच वेबहुक दोनदा येतो, म्हणून प्रत्येक कॉलची ओळखखूण जपून ठेवली आणि ती पुन्हा दिसली, तर प्रवाह तेथेच थांबवला. वेळ ग्रीनिचच्या हिशेबाने चालू राहिली, तर सकाळी ९ चा कॉलबॅक दुपारी २.३० वाजता लागतो आणि तोवर बागायतदाराची वीज गेलेली असते. शिवाय कॉलवरून प्रश्न तयार व्हावा आणि त्या प्रश्नावरून पुन्हा कॉल लागावा, असे चक्र फिरू नये, यासाठी फोनवरून आलेल्या प्रत्येक मजकुराला ‘फोनवरून’ हा टॅग लावला आणि तो टॅग असलेला प्रश्न कॉलबॅकच्या वाटेला जाऊच दिला नाही.

सर्वांत मजेशीर अडचण शीर्षकाची होती. डिस्कोर्समध्ये मूळ मांडणीनुसार शीर्षक किमान १५ अक्षरांचे लागते. देवनागरीत काना-मात्रा स्वतंत्र मोजूनही ‘पाणी येत नाही’ हे शीर्षक १३ वरच थांबते, म्हणजे आमच्या धंद्यातली सर्वांत मोठी तक्रार या सॉफ्टवेअरच्या लेखी फारच त्रोटक ठरते! आम्ही शीर्षकात पीक, भाग आणि तक्रार असे तीन घटक जोडले. तेव्हा दुसरा नियम आडवा आला, तो म्हणजे तेच शीर्षक दोनदा चालत नाही. हा नियम बंद करता येतो, पण आम्ही तो मुद्दाम चालू ठेवला. नकार आला, याचा अर्थ हा प्रश्न पूर्वी येऊन गेला आहे. मग मेक चूक झाल्यास घ्यायच्या म्हणून आखलेल्या वाटेने जाऊन त्या प्रश्नाचे जुने पान शोधते आणि त्याची लिंक एजंटसमोर ठेवते. पांढऱ्या गाळाचे उत्तर आता अशा रीतीने एका जागी आहे आणि त्याखाली बागायतदारांनी आपापल्या पाण्याचे अनुभवही जोडले आहेत. ते अनुभव आमच्या माहितीपत्रकापेक्षा उपयोगी आहेत, हे मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही.

कच्चा मजकूर आपोआप प्रसिद्ध करायचा नाही, हा निर्णय आम्ही सुरुवातीलाच घेतला आणि तो आजही कायम आहे. फोनवर माणूस उधारीविषयी बोलतो, शेजाऱ्याच्या मोटारीविषयी बोलतो, घरातल्या वाटणीविषयीही बोलतो; त्यातले काय चारचौघांत ठेवायचे, हे यंत्राने ठरवू नये. आमची एक सहकारी नाव, गाव आणि क्रमांक काढून मजकूर नीट करते आणि मगच तो खुला करते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीला जे महत्त्व दिले आहे, त्यालाही हेच धरून आहे. कॉलबॅकची रांगही विचारलेल्या प्रश्नांपुरतीच ठेवली आहे. नव्या मालाची जाहिरात तिच्यातून करण्याचा मोह विक्री विभागाला अधूनमधून होतो, पण प्रचाराच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांची स्वतंत्र मालिका आणि वेगळे नियम आहेत, याची आठवण त्यांना करून द्यावी लागते.

रेकॉर्डिंगवरून आपोआप मजकूर उतरवण्याची सोय आम्ही तूर्त सुरू केलेली नाही. सध्या हळदीसाठी वेगळा विभाग आखण्याचे काम हाती आहे. द्राक्षासाठी ठरवलेले डिस्पोझिशन हळदीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, म्हणून एजंट आणि फिटर मिळून त्यांची नवी यादी करत आहेत. ती पक्की झाली, की मेकमधील वाट फोडण्याचे काम आम्ही हाती घेऊ.