नोकरी सोडून प्रसाविका होताना : माझा अनुभव

हिशेबाची नोकरी सोडून प्रसाविका, म्हणजे बाळंतपण करणारी मिडवाइफ, होण्याचा निर्णय मी सांगितला, तेव्हा सर्वांनी मला पैशांविषयी सावध केले, अभ्यासाविषयी केले, रात्रपाळ्यांविषयी तर पुन्हा पुन्हा केले. आरोग्य-तपासणी विभागाविषयी मात्र कोणी चकार शब्द काढला नाही, आणि मी अडकले ती नेमकी तिथेच. त्या विभागाने माझी फाइल इतका काळ अडवून धरली की आजही त्यांचे पत्र दिसले की कपाळावर आठी येते.

प्रवेशाचा भाग सुरळीत पार पडला, त्यामुळे त्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. आंतरराष्ट्रीय प्रसाविका महासंघाच्या निकषांप्रमाणे थेट प्रवेशाचा अभ्यासक्रम किमान ३ वर्षांचा असतो आणि आधीच परिचारिका असलेल्यांसाठी किमान १८ महिन्यांचा. माझ्याकडे परिचर्येची पदवी नसल्याने लांबचा रस्ता घेणे भाग होते. मुलाखतीत ‘या वयात का?’ हा प्रश्न येईल असे गृहीत धरून मी उत्तर घोकून ठेवले होते. तो कोणी विचारलाच नाही.

पैशांच्या बाबतीत एक गोष्ट लवकर लक्षात आली : खरी अडचण शुल्काची नसते, वेळेची असते. शुल्क किती आहे हे आधी कळते, त्याचे हप्ते पाडून घेता येतात. पण त्याच निकषांनुसार अभ्यासक्रमाचा किमान निम्मा भाग प्रत्यक्ष कामाचा असावा लागतो, आणि हे तास पाळ्यांमध्ये येतात. माझ्या अभ्यासक्रमात त्यांचे वेतन मिळत नाही. त्यामुळे ठरावीक वेळी हजेरी लावावी लागेल असे कोणतेही जोडकाम टिकणार नाही हे उघड होते. मी जुन्या मालकांकडे महिनाअखेरीचे हिशेब घरून पूर्ण करण्याचे काम मागून घेतले. ते रात्री दोन वाजता केले काय किंवा रविवारी दुपारी केले काय, कोणाला फरक पडत नाही. या एका व्यवस्थेचा मला आजही अभिमान वाटतो, कारण पुढे जे झाले त्यात तिनेच मला तारले.

प्रत्यक्ष प्रसूती कक्षात पाऊल ठेवण्याआधी विद्यार्थिनीला काही आजारांपासून संरक्षण आहे याचा लेखी पुरावा द्यावा लागतो. ही मंजुरी आरोग्य-तपासणी विभाग देतो, आणि ती हाती येईपर्यंत वेळापत्रकात नाव लागत नाही. माझ्या अर्जावर ‘हिपॅटायटिस बी तपासणी’ एवढेच शब्द होते. प्रयोगशाळेने तपासणी केली, अहवाल ‘निगेटिव्ह’ आला, मी तो निश्चिंत मनाने पाठवला आणि तो परत आला. प्रयोगशाळेने विषाणूचे अँटिजेन तपासले होते, म्हणजे संसर्ग झालेला आहे का एवढेच पाहिले होते. विभागाला हवी होती अँटिबॉडीची पातळी, म्हणजे लसीने संरक्षण दिले आहे का याचे उत्तर. या दोन तपासण्या वेगवेगळ्या असतात हे अर्ज तयार करणाऱ्यांना ठाऊक असलेच पाहिजे. मग एक शब्द जास्तीचा छापायला काय हरकत होती, हा प्रश्न मी विचारला आणि त्याचे उत्तर अजून यायचे आहे.

दुसरा अहवाल अँटिबॉडीचा आला, पण त्यावर केवळ ‘पॉझिटिव्ह’ असा शेरा होता. तोही परत, कारण त्यांना आकडा हवा होता : प्रति मिलिलिटर किमान १० मिली-आंतरराष्ट्रीय एकक. आकडा मागवल्यावर तो १० च्या खाली निघाला. मी लसीचे तिन्ही डोस वेळेवर घेतलेले होते आणि त्यांचा दाखलाही जोडला होता, परंतु लसीनंतर बरीच वर्षे गेली की अँटिबॉडीची मोजता येणारी पातळी उतरू शकते. शरीराला त्या विषाणूची ओळख राहिलेली असते, तरी कागदावर ती दिसत नाही. अशा वेळी एक जादा डोस घेऊन एक ते दोन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासतात. ही थांबण्याची मुदत वैद्यकीय कारणाने आहे, तिच्याशी माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते या गोष्टीशी, की हे सर्व पहिल्याच पत्रात एकत्र सांगता आले असते, आणि ते मला एकेका त्रुटीपत्रातून तुकड्यातुकड्याने कळत गेले.

त्यावर कळस म्हणजे गोवर-रुबेला आणि क्षयरोग यांचा गोंधळ. बालपणीच्या लसीकरणाची माझी नोंद सापडत नव्हती, म्हणून विभागाने गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्रित लस नव्याने घेण्यास सांगितले. तिचे दोन डोस असतात आणि त्यांत किमान ४ आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते. पहिला डोस घेतला आणि त्यानंतर पुढचे पत्र आले : क्षयरोगासाठी त्वचेची चाचणी, म्हणजे मँटू, करून आणा. चाचणीसाठी गेले तेव्हा तिथल्या परिचारिकेने समजावून सांगितले की जिवंत विषाणूंची लस घेतल्यानंतर ही चाचणी काही काळ चुकीने निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून ती लसीच्या आधी किंवा लसीच्याच दिवशी करावी, नाहीतर ४ आठवडे थांबावे. पत्रांचा क्रम उलटा असता तर एकही दिवस वाया गेला नसता! शिवाय मँटूसाठी दोनदा जावे लागते, एकदा टोचून घ्यायला आणि ४८ ते ७२ तासांत निकाल वाचून घ्यायला. ज्यांना रजा मिळणे अवघड आहे त्यांनी ती गुरुवारी टोचून घेऊ नये. शनिवार-रविवारी वाचणारे कोणी नसते.

रुबेलाची मागणी मुळात योग्य आहे, हे रागाच्या भरातही मला मान्य होते. ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले की गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला रुबेला झाला तर बाळाला जन्मतः मोतीबिंदू होऊ शकतो. ज्या खोलीत गरोदर स्त्रिया येतात तिथे हा आजार घेऊन कोणी वावरू नये, हे सांगायला नियमाचीही गरज नाही. जाता जाता, ही लस गरोदरपणात देत नाहीत आणि घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायची असते. अभ्यासक्रमाच्या काळात मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या मैत्रिणींनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

मंजुरी लांबली तशी माझी पहिली प्रत्यक्ष-कामाची तुकडी पुढे ढकलली गेली, आणि तिच्याबरोबर सगळे आर्थिक गणितही. मी नोकरी पूर्णपणे सोडण्याची तारीख प्रवेशाच्या तारखेला न बांधता मंजुरीच्या पत्राला बांधली होती, म्हणून निभावले. माझ्याबरोबरच्या एकीने प्रवेश मिळताच राजीनामा दिला होता. तिची बचत केवळ वाट पाहण्यात निम्मी संपली. लसीकरणाचे काम प्रवेशाचा अर्ज करण्याच्याही आधी सुरू करावे, असे मी आता विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगते. हिपॅटायटिस बीच्या नेहमीच्या क्रमात पहिला डोस, एका महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा असतो. म्हणजे शून्यापासून सुरुवात असेल तर रक्ततपासणी धरून सात-आठ महिने सहज जातात.

अखेर मंजुरी आली ती एका ओळीची. ती वाचून मला आनंद झाला, पण त्याहून जास्त हायसे वाटले.

प्रसूती कक्षात गेल्यावर वेळेचे वेगळेच गणित सुरू होते. युरोपीय संघाच्या नियमांत विद्यार्थिनीने किमान ४० प्रसूती स्वतः कराव्यात असे म्हटले आहे, आणि इतरत्रही अशी काही संख्या बहुधा ठरलेली असते. कळा तुमच्या पाळीत सुरू होतात, तुम्ही दिवसभर त्या स्त्रीजवळ थांबता आणि बाळ पुढच्या पाळीत येते. ते तुमच्या प्रसूतींच्या नोंदवहीत लागत नाही. शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली तरीही नाही. म्हणून शेवटच्या वर्षात जोडकामाचा भार कमीत कमी ठेवावा, कारण संख्या भरून काढायला जादा पाळ्या घ्याव्या लागतात. वहीवर मार्गदर्शक प्रसाविकेची सही त्याच पाळीत घ्यावी. ती दुसऱ्या कक्षात बदलून गेली की सहीसाठी तिला शोधत फिरावे लागते.

आणि लसीकरणाच्या कागदांची मूळ प्रत कोणाकडेही ठेवून येऊ नये. रुग्णालय बदलले की तेच दाखले पुन्हा मागतात, आणि ‘तुमच्या विभागाकडे आहेतच की’ या उत्तराने कोणाचेही समाधान होत नाही.