आवंढा

किडनी बदलून सातवा महिना लागला होता आणि मी जरा शेफारलेच होते. क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) जागेवर, मास्क खिशात. अशात एका सकाळी टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची, कॅप्सूल गिळताना छातीच्या मधोमध चर्रकन दुखलं. म्हटलं, ॲसिडिटी. इतक्या गोळ्या पोटात जातात की छातीतल्या प्रत्येक दुखण्याचं मुखत्यारपत्र मी ॲसिडिटीलाच देऊन टाकलं होतं.

नऊ दिवस तसेच काढले. आधी घट्ट घास दुखायचा, मग मऊ, मग पाणी. शेवटी आवंढासुद्धा. माणूस दिवसभरात किती वेळा आवंढा गिळतो, हे तोवर कधी लक्षातच आलं नव्हतं. लाळ थुंकायला उशाशी वाटी आली तेव्हा ताई (माझ्या पोटात तिचीच किडनी आहे) म्हणाली, "अगं, गोळ्या तरी जाताहेत ना आत?" जात होत्या, एकेकीला पाच-दहा मिनिटं लावून. एका संध्याकाळचा डोस तर मी घेतलाच नव्हता. ते तिला सांगितलं नाही.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घास अडकतो की दुखतो?" हे दोन वेगळे असतात, हे मला तिथे कळलं. जळजळ बहुधा जेवण झाल्यावर, आडवं पडल्यावर वर येते. माझी कळ नेमकी गिळतानाच यायची. प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असताना अशी कळ आली की अन्ननलिकेतल्या संसर्गाचा संशय आधी घ्यायचा. त्यांनी तोंड उघडायला लावलं. जीभ स्वच्छ, टाळू स्वच्छ. मला हायसं वाटलं, त्यांना नाही. तोंडात पांढरं दिसलं नाही तरी खाली बुरशी असू शकते.

सगळ्यात जास्त सापडते ती हीच बुरशी, कॅन्डिडा. तिच्यामागे दोन विषाणू: हर्पिस सिम्प्लेक्स आणि सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस). पुष्कळदा थेट फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध सुरू करतात आणि काही दिवसांत उतार पडला नाही तरच दुर्बीण घालतात. पण माझी सीएमव्हीची प्रतिबंधक गोळी नुकतीच बंद झाली होती, त्यामुळे एन्डोस्कोपी लगेच ठरली.

नंतर फोटो दाखवले. गुलाबी भिंतीवर चुना उडावा तसे पांढरे थर, पाण्याचा फवारा मारूनही न सुटणारे. खाली एक छोटा व्रण होता. त्याच्या तळातूनही तुकडा घेतला आणि कडेतूनही, कारण सीएमव्ही सापडतो तळाशी आणि हर्पिस काठावर. दुखत असूनही मला या माहितीची गंमत वाटली. आणि हो, एका वेळी दोन-दोन पाहुणेही असू शकतात म्हणे. माझ्याकडे एकटी कॅन्डिडाच निघाली.

फ्लुकोनॅझोल 21 दिवस. चौथ्या दिवशी पाणी न दुखता उतरलं आणि मी उगाचच दोन पेले प्यायले. खरी मेख मात्र पुढे होती. फ्लुकोनॅझोल टॅक्रोलिमसचं विघटन रोखतं, त्यामुळे टॅक्रोलिमस रक्तात साठत जातं, आणि ते जास्त झालं तर ज्या किडनीसाठी घ्यायचं तिलाच इजा करतं. म्हणून पहिल्याच दिवशी टॅक्रोलिमसचा डोस कमी केला, तरी माझे हात थरथरायचे. सही ओळखू येईना. रक्त तपासून डोस आणखी उतरवला. आता उलटी काळजी. फ्लुकोनॅझोल थांबलं की टॅक्रोलिमसची पातळी घसरणार, आणि डोस वेळेत वाढवला नाही तर शरीर किडनी नाकारायला लागू शकतं. हा डोस आपल्या मनाने वाढवायचा नसतो, म्हणून रक्त द्यायच्या तारखा मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिल्या. ताईने त्यांच्याखाली आणखी एक रेघ ओढली.

कोर्स सोमवारी संपला. आज सकाळी रक्त देऊन आले. जाण्याआधी ताईला त्या चुकवलेल्या डोसबद्दल सांगितलं. ती काही बोलली नाही, गाडीची किल्ली घेऊन खाली जाऊन थांबली. रिपोर्ट उद्या.