जुन्या रेझरने दाढी चांगली होते की नव्या? माझा अनुभव

गिलेटच्या जुन्या रेझरने जशी दाढी व्हायची तशी आजच्या कुठल्याच रेझरने होत नाही असं छातीठोकपणे सांगणारे लोक भेटतात, आणि हे सगळं जुन्या वस्तूंचं खूळ आहे म्हणून उडवून लावणारेही भेटतात. दोघांशी वाद घालत बसण्यापेक्षा मी दोन्ही प्रकारचे रेझर घेऊन बरेच महिने स्वतःच्याच तोंडावर प्रयोग केला, त्याबद्दल लिहितोय. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

सुरुवात कार्ट्रिजला, म्हणजे तीन-चार ब्लेडं बसवलेल्या तयार डोक्याच्या रेझरला, कंटाळून झाली. माझे केस जाड, मानेवरचे तर कुरळे, त्यात ऑफिससाठी रोज दाढी, त्यामुळे कॉलरच्या रेषेत कायम लाल पुळ्या. स्किनच्या डॉक्टरांनी क्रीम दिलंच, पण वर सांगितलं की ते तीन-चार-पाच ब्लेडचं प्रकरण आधी बंद करा, पुढचं ब्लेड केस ओढून वर काढतं, मागचं तो कापतं, मग कापलेलं टोक कातडीच्या आत जातं आणि केस कुरळा असला की बाहेर यायच्या ऐवजी आतच वळतो. एकच ब्लेड वापरा म्हणाल्या. शिवाय एका कार्ट्रिजच्या पैशात साध्या दुधारी ब्लेडची पाकिटंच्या पाकिटं येतात, त्यामुळे घरातून पण विरोध झाला नाही.

पहिला दुधारी ब्लेडचा रेझर नवाच घेतला, एडविन जॅगरचा डीई८९, इंग्लंडमधल्या शेफिल्डवाल्यांचा. याचं हेड, म्हणजे ब्लेड धरणारं डोकं, आणि जर्मनीच्या म्यूले कंपनीच्या आर८९ चं हेड जवळपास एकच आहे, आणि नवीन माणसाला हाच घे म्हणून सगळे सांगतात ते बरोबर आहे. पहिले काही आठवडे सगळा वेळ हात हलका करण्यात गेला, कारण कार्ट्रिजची सवय म्हणजे दाबून ओढायची सवय, आणि इथे दाबलं की संपलं, रेझरच्या वजनानेच तो खाली जायला पाहिजे. कोन सापडायला एक साधी युक्ती आहे, रेझरची कॅप, म्हणजे ब्लेडवरचं झाकण, गालाला टेकवायची, हँडल आडवं, आणि मग हँडल हळूहळू खाली आणत जायचं, एका ठिकाणी केस कापल्याचा बारीक कर्रर्र आवाज सुरू होतो, तोच कोन. आवाज कान देऊन ऐकायचा. पंखा बंद करून दाढी करणारा मी आमच्या बिल्डिंगमधला एकटाच असेन.

हात बसला, पुळ्या कमी झाल्या, तिथेच थांबायला हरकत नव्हती, पण तोवर डोक्यात जुन्या रेझरचा किडा शिरला होता.

पुण्यात जुना बाजार बुधवार आणि रविवारी भरतो, तिथे लोखंडी नटबोल्ट, कॅमेरे, तुटकी घड्याळं यांच्या ढिगात रेझर मिळतात, पण बरेचसे हल्लीचे पत्र्याचे असतात आणि विकणारा सगळ्यांनाच अँटिक म्हणतो. मला जो सापडला तो गिलेट टेक. तीन तुकड्यांचा रेझर, वरची कॅप, मधली प्लेट आणि हँडल. प्लेटच्या खाली मेड इन इंग्लंड. टेक हे मॉडेल १९३० च्या दशकाच्या शेवटी आलं आणि पुढे कित्येक वर्षं निघत राहिलं. लंडनच्या पश्चिमेला आयझलवर्थला गिलेटचा मोठा कारखाना १९३७ मध्ये सुरू झाला होता, त्यामुळे माझा तिथलाच असावा असं मी धरून चाललोय. अमेरिकन गिलेटवर १९५० च्या दशकापासून अक्षर आणि आकड्याचा कोड असतो त्यावरून साल कळतं, माझ्यावर तसला काहीच कोड नाही.

"साहेब, इंग्लंडचा माल आहे, आता असा बनत नाही."

"बनत नाही ते खरंय मामा, पण ब्लेड लावून बघू द्या आधी."

हे महत्त्वाचं आहे म्हणून सविस्तर लिहितो. जुना रेझर बघायला जाताना खिशात एक नवं ब्लेड न्यायचं, पाकिटातलं, न उघडलेलं. आधी प्लेट एखाद्या सपाट काचेवर ठेवून बघायची, मोबाईलची स्क्रीनही चालते, डुगडुगली तर वाकलेली आहे. मग ब्लेड लावून, स्क्रू घट्ट करून रेझर डोळ्यासमोर आडवा धरायचा आणि दोन्ही बाजूंनी ब्लेडची धार किती बाहेर डोकावते ते बघायचं, एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी दिसली तर आधी ब्लेड सैल करून परत बसवायचं, तरी तसंच असेल तर कॅप कधीतरी मोरीत आपटलेली आहे, सोडून द्यायचा. हँडलचे आटे झिजलेत का ते फिरवून बघायचं, आणि हँडल पोकळ नळीचं असेल तर मानेपाशी केसाएवढी बारीक चीर असते, ती नखाला लागते, डोळ्याला लवकर दिसत नाही. माझ्या टेकला यातलं काहीच नव्हतं, फक्त साबणाचा पिढ्यान्‌पिढ्या साचलेला पिवळट थर. मामांनी सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यात सुटला.

घरी आणल्यावर बायको म्हणाली हे कोणाच्या कोणाच्या तोंडाला लागलेलं तू वापरणार? प्रश्न बरोबरच होता. कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि जुना टूथब्रश, रात्रभर भिजवून सकाळी घासला, बराचसा थर तिथेच गेला. प्लेटच्या खाचांमधलं दातकोरण्याने काढलं. मग स्पिरिटमध्ये बुडवून ठेवला. पितांबरी लावायचा मोह होतो, पण ती तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी, इथे आत पितळ असलं तरी वर निकेलचा पातळ मुलामा आहे आणि जोर लावून घासलं तर तो उडायचा, म्हणून थोडी टूथपेस्ट मऊ कापडावर घेऊन पुसला आणि थांबलो. दोन-तीन ठिकाणी पितळ दिसतं, दिसू दे.

आता मुकाबला. सरळ एक दिवस हा, एक दिवस तो असं करून काही कळत नाही, कारण पाणी, फेस, झोप, मूड सगळंच रोज बदलतं (आमच्याकडे टँकर आला की पाणी इतकं जड असतं की फेस होतच नाही). म्हणून एकाच दाढीत डावा गाल एकाने, उजवा दुसऱ्याने, दोन्हीत एकाच पाकिटातली नवी ब्लेडं, आणि पुढच्या वेळी बाजू बदलायची, कारण माझा हात उजवा आहे आणि एका गालावर तो जास्त नीट चालतो. निकाल द्यायला बायको. तिने दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि म्हणाली सारखंच आहे, ऑफिसला जा.

आणि खरं सांगायचं तर रोजच्या दाढीला ते सारखंच आहे! सुलटा हात, म्हणजे केस वाढतात त्या दिशेने, मग परत फेस लावून आडवा हात, दोन्हीकडे तुळतुळीत. फरक दिसतो तो इतर ठिकाणी. मानेवर टेक जास्त सौम्य, तुरटी फिरवली तरी चुरचुर अगदी कमी. उलट शनिवार-रविवार दाढी केली नाही आणि सोमवारी वाढलेले खुंट घेऊन बसलो तर टेक तुंबतो, ब्लेड आणि खालच्या बारमधली (म्हणजे प्लेटच्या कडेमधली) फट लहान आहे, फेस आणि केस त्यात अडकतात, सारखा नळाखाली धरावा लागतो, तिथे डीई८९ सरळ निघून जातो. मित्राकडून आणलेला आजकालचा एक दातेरी बारवाला रेझर पण वापरून बघितला, तो चार दिवसांची दाढी एका हातात काढतो पण रोज वापरायची चीज नाही.

म्हणजे जुना-नवा हा मुद्दाच नाहीये. रेझर कसा चालेल ते ठरतं फट किती, ब्लेड किती बाहेर आलंय आणि कॅपने ते किती वाकवून धरलंय यावर. जुन्यातही मवाळ आणि जहाल दोन्ही आहेत, १९५८ मध्ये गिलेटने एक ते नऊ आकडे असलेला ॲडजस्टेबल रेझर काढला, मुठीत फिरवा आणि हवा तसा करा. नव्यातही तेच. त्यामुळे कोणी व्हिंटेज सौम्य असतात म्हणून सांगायला लागला की मी विचारतो, कुठला?

पण या सगळ्यात एक गोष्ट बहुतेक लोक विसरतात, आणि मला ती आजोबांमुळे कळली. आजोबा अशाच रेझरने दाढी करायचे, त्यांचा रेझर आता कुठे आहे कोणाला माहीत नाही, पण ते कसे करायचे ते बाबांना पक्कं आठवतं. काचेचा ग्लास घ्यायचा, त्यात आतल्या बाजूला ब्लेड बोटाने दाबून गोल गोल फिरवायचं, मग उलटं करून परत, अशी रोज धार लावायची आणि एक ब्लेड शक्य तितकं पुरवायचं. दाढी झाली की ब्लेड काढून, कोरडं करून परत त्याच कागदात. मी बाबांना विचारलं त्यांची दाढी कशी व्हायची, चांगली व्हायची का? बाबा म्हणाले, "चांगली कसली, हनुवटीला रोज कागदाचा तुकडा चिकटवलेला असायचा."

कारण ती ब्लेडं कार्बन स्टीलची होती. गंजायची, आणि आजच्यासारखा कसला लेप त्यांच्यावर नसायचा. स्टेनलेसची, लेप दिलेली ब्लेडं विल्किन्सन स्वोर्डने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आणली आणि मग गिलेटलाही तिकडे वळावं लागलं. आज आपण कुठल्याही जनरल स्टोअरमधून जे ब्लेड घेतो ते स्टेनलेसचं असतं, धारेवर क्रोम किंवा प्लॅटिनम, वर टेफ्लॉनसारखा थर, आणि ते बनतंय पण इथेच. तेव्हा जुन्या टेकने होणारी माझी दाढी ही काही जुन्या काळातली दाढी नाहीच. रेझर तेव्हाचा, ब्लेड आजचं. त्या काळी ज्या कोणी हा टेक विकत घेतला असेल त्याला या रेझरने इतकी चांगली दाढी मिळालीच नसणार. जुन्या रेझरचं कौतुक करणारे जे कौतुक करतात त्यातला निम्मा वाटा त्या दोन रुपयांच्या ब्लेडचा आहे, त्याचं नाव कोणी घेत नाही.

आणि आजचं ब्लेड जुन्या रेझरमध्ये बसतं कसं हा खरा चमत्कार. किंग कॅम्प गिलेटने विक्री सुरू केली १९०३ मध्ये, पहिल्या वर्षी खपले ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं, पुढच्या वर्षी रेझर गेले ९० हजारांवर. मधल्या भोकांचा आकार नंतर बदलला, गोल भोकांच्या जागी लांब खाच आली, पण ती अशी ठेवली की आजचं ब्लेड त्या काळातल्या गिलेटमध्ये पण बसतं. माझा पाच वर्षांपूर्वीच्या मोबाईलचा चार्जर आताच्या मोबाईलला बसत नाही.

नव्याचा एक मुद्दा मात्र सांगायलाच हवा, धातू. जुने गिलेट बहुतेक पितळेचे. आजचे मध्यम किमतीचे बरेच रेझर झामॅकचे, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचे, वर क्रोम. क्रोम शाबूत आहे तोवर झकास, पण ते निघालं की आतलं जस्त खराब व्हायला लागतं. मध्ये हौसेने एक स्वस्तातला रेझर ऑनलाइन मागवला होता, नाव घेत नाही, वर्षभरात त्याच्या कॅपचा स्क्रू आट्यांपाशी तुटून हँडलमध्येच राहिला. फेकून दिला. पितळेचा टेक इतकी वर्षं बाजारात, ट्रंकेत, कोणाच्या मोरीत काढून अजून सरळ आहे. आता स्टेनलेस स्टीलचे मशीनवर कोरलेले नवे रेझरही मिळतात, ते नातवंडांनाही पुरतील, पण त्या किमतीत आमच्या घरात किराणा येतो.

मानेचा प्रश्न शेवटी कुठल्याच रेझरने सुटला नाही, सलूनमध्ये सुटला. आमचे न्हावी काका वस्तऱ्यात तेच दुधारी ब्लेड मधून मोडून अर्धं लावतात, प्रत्येक गिऱ्हाईकाला नवं. त्यांना विचारलं तुम्ही करता तेव्हा माझ्या मानेवर पुळ्या का येत नाहीत. त्यांनी अंगठ्याने कातडी ताणली, आरसा वाकडा केला आणि म्हणाले, "साहेब, तुमचे केस इथे खाली जातच नाहीत, कानाकडून गळ्याकडे आडवे उगवतात. तुम्ही वरून खाली ओढता, म्हणजे तुम्ही सुलटा हात समजता तो सुलटा नाहीच." दोन दिवस दाढी वाढवून बोट फिरवलं तर खरंच, एका दिशेने मऊ, दुसरीकडे काटे. आता मानेवर त्याच दिशेने फिरवतो, उलटा हात तिथे मारतच नाही, आणि मग टेक असो की डीई८९, लाल होत नाही.

सध्या रोज टेक, सोमवारी डीई८९ असं चाललंय. वापरलेली ब्लेडं एका पत्र्याच्या डबीत साठवतो, झाकणाला चीर पाडून, भरली की टेप लावून, वर ठळक लिहून, कचरा नेणाऱ्या ताईंच्या हातात वेगळी देतो. भाऊ आता विचारतोय कुठला घेऊ. त्याला नवाच घे म्हटलंय, कारण तो बाजारात जाऊन प्लेट डुगडुगते का बघत बसणार नाही, आणि ब्लेडची वेगवेगळ्या कंपन्यांची पाच-सहा पाकिटं मीच त्याला देतोय, त्याच्या केसांना कुठलं चालतं ते आधी कळू दे, रेझरचं नंतर बघू.