परवान्याची मुदत

१८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी भारतीयांना निःशस्त्र केले, आणि १९३० साली लष्करी कायदा सोसलेल्या सोलापूरचा रहिवासी म्हणून त्याविषयीची चीड मी समजू शकतो. तरीही १९५९ च्या कायद्यातील परवान्याची अट मला योग्यच वाटते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळच्या बंदुकांची कमाल संख्या ३ वरून २ वर आणली आणि आनंदाच्या भरात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. परवान्याची मुदत मात्र ३ वरून ५ वर्षे झाली. ही सवलत मला खटकते, कारण धारकाची पुन्हा तपासणी होते ती नूतनीकरणाच्या वेळी. आडरानातल्या वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्याची गरज खरी असू शकते, पण केवळ प्रतिष्ठेसाठी पिस्तूल बाळगू पाहणाऱ्याचा अर्ज फेटाळलाच पाहिजे.