रसायनशास्त्राचं पारितोषिक

अमृतमहोत्सवानिमित्त आपली शाळा रसायनशास्त्रासाठी दोन पारितोषिकं सुरू करते आहे. एक संशोधनात नाव काढणाऱ्या माजी विद्यार्थ्याला, दुसरं उत्तम शिकवणाऱ्या शिक्षकाला. पहिल्यावर फारसा वाद होणार नाही. शोधनिबंध मोजता येतात, पेटंटला नंबर असतो. दुसऱ्यापाशी मात्र समितीचं घोडं अडणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.

खरं तर बडोद्यात तरी या दोन गोष्टी वेगळ्या मानायचं कारण नाही. बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्रा. त्रिभुवनदास गज्जरांनी १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या पाठिंब्याने कलाभवन उभं केलं आणि रंगाईसारखं तंत्र मातृभाषेतून शिकवायला घेतलं. पुढे १९०७ मध्ये अलेंबिक ही औषधांची कंपनी निघाली, तीही गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्या पुढाकाराने. चाफेकर बंधूंनी मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं होतं. तो डागही गज्जरांनीच काढला. आमचे सर ही गोष्ट रंगवून सांगत आणि शेवटी विचारत, "आता टाळ्या कुणाला?" अर्धा वर्ग चाफेकरांच्या बाजूने ओरडायचा. सर हसून फळ्याकडे वळायचे.

सरांची प्रयोगशाळा म्हणजे टोकाची खोली. किपच्या उपकरणातून सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू निघाला की शेजारच्या वर्गातल्या मराठीच्या बाई धडाधड खिडक्या लावून घेत. पण सरांचा खरा जीव टायट्रेशनमध्ये, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून त्याचं प्रमाण मोजण्यात. ऑक्झॅलिक आम्ल साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवायचं, वरून ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या तोटीच्या काचनळीतून, जांभळं परमँगनेट थेंब थेंब सोडायचं. पहिल्या थेंबाचा रंग जायला वेळ लागतो. एकदा अभिक्रियेत मँगनीजचे आयन तयार झाले की तेच तिला वेग देतात आणि पुढचे थेंब झपाझप विरतात. मग एका थेंबाला फिकट गुलाबी छटा टिकून राहते. तिथे थांबायचं. परमँगनेट इतकं गडद की नळीतल्या पातळीचं वाचन द्रवाच्या खालच्या वक्राचं नाही, वरच्या कडेचं घ्यायचं. हे सर प्रत्येकाच्या खांद्यामागे उभे राहून बघत.

तीन वाचनं जुळली पाहिजेत, असा नियम. त्यामुळे बहुतेकांच्या वहीत ९.५, ९.५, ९.५. आमच्या वर्गातल्या एका मुलीने मात्र ९.८, ९.४, ९.५ असं लिहिलं, पहिल्यावर रेघ मारून शेजारी "द्रावण थंड झालं होतं" अशी नोंद केली आणि ९.५ चं आणखी एक वाचन घेतलं. स्नेहसंमेलनात सरांनी स्वतःच्या खिशातून घेतलेलं फाउंटन पेन तिला दिलं. त्या वर्षी रसायनात पहिला आलेला मुलगा समोरच बसला होता. त्याच्या वडिलांना ते मुळीच रुचलं नाही. मला तेव्हाही पटलं होतं. पुढे कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये आयुष्य गेल्यावर तर अधिकच.

२००९ मध्ये वेंकटरामन रामकृष्णन यांना पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या रचनेवरच्या कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा इथल्या दांडिया बाजारात पेढे वाटणारेही भेटले. माणूस बडोद्यात वाढलेला, १९७१ मध्ये सयाजीराव विद्यापीठातून पदवी घेतलेला. पण पदवी भौतिकशास्त्राची! शिकवण्याला नोबेल नाहीच. अमेरिकन केमिकल सोसायटी मात्र रसायनशिक्षणासाठी जॉर्ज पिमेंटेल यांच्या नावाने वेगळा पुरस्कार देते. रासायनिक अभिक्रियेच्या ऊर्जेवर चालणारा पहिला लेसर शोधणाऱ्या या माणसाने १९६० च्या दशकात शाळकरी मुलांसाठी प्रयोगांवर बेतलेलं पाठ्यपुस्तक संपादित केलं होतं. आपल्याकडे इतका मोठा संशोधक अकरावीच्या पुस्तकाला हात लावेल का, शंकाच आहे.

तर समितीला माझी सूचना अशी. शिक्षकाच्या पारितोषिकासाठी बोर्डाचे निकाल मागवू नका. त्यांच्या वर्गातल्या मुलांच्या दहा-बारा जर्नल्स, म्हणजे प्रयोगवह्या, मागवा, त्याही कच्च्या, नीटनेटक्या पक्क्या नव्हेत. खाडाखोड दिसते का, खाडाखोडीशेजारी कारण लिहिलंय का, एवढंच बघा. तपासायला मी येईन, आमच्या बॅचचे आणखी दोघं तयार आहेत. आणि पहिल्या वर्षीच्या रकमेतून मानचिन्ह नको, नव्या ब्युरेट घ्या. मागच्या महिन्यात प्रयोगशाळेत डोकावलो होतो, जुन्यांच्या तोट्या गळतात.