जुलैचा जून

आमचं काम पाट्या कोरायचं. कोनशिला, समाधीची फरशी, जुन्या वास्तूंवरच्या स्मृतीफलकांची डागडुजी असलं सगळं. कोल्हापुरात शाहू महाराजांचं नाव कोरलं नाही असा महिना जात नाही. त्यातलीच एक ऑर्डर, एका जुन्या बोर्डिंगची. पोर्चमधल्या संगमरवरी पाटीचा कोपरा फुटलेला, अक्षरांतलं शिसं जागोजाग निघालेलं. सेक्रेटरी म्हणाले, "मिस्त्री, सेम टू सेम ग्रॅनाइटमध्ये करून द्या, मजकुरात काना-मात्रा हलवायची न्हाई."

ट्रेसिंग पेपर लावून पेन्सिल घासत बसलो आणि तारीख उमटली, 'जन्म २६ जुलै १८७४'. हात थांबला. महाराजांचा जन्म कसबा बावड्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसमधला, २६ जूनचा, त्या दिवशी तर आता सरकारी सामाजिक न्याय दिन असतोय. पण पूर्वी जयंती जुलैलाच व्हायची, कागदपत्रं तपासल्यावर मग जून ठरला. त्यात पन्नास टक्के आरक्षणाचा आदेश पण २६ जुलै १९०२ चा, त्यामुळं पोरांचा अजून घोळ होतोय.

सेक्रेटरींना सांगितलं तर म्हणाले मग जुन्या पाटीवरच 'लै'चा 'न' करा की, ग्रॅनाइट वाचंल. आता काय बोलायचं, दगडाला खोडरबर चालत नाही ओ, कोरलेलं घालवायचं तर अख्खा पृष्ठभाग खाली घासायला लागतो, आणि नुसत्या 'लै'चा प्रश्न नाही, जुलैचा जु ऱ्हस्व आणि जूनचा दीर्घ, म्हणजे पहिलं अक्षर पण बदलायला पाहिजे!

हे चाललेलं असताना बोर्डिंगचे एक जुने विद्यार्थी, ऐंशीच्या पुढचे काका, काठी टेकत आले आणि डायरेक्ट पाटीवर हात ठेवून उभे राहिले. "मी सातवीत असताना हिला हार घालायचो, जुलैत, पावसात भिजत. चुकीची असली तरी आमची हाय. फोडायची न्हाई." मला तर पटलं. चूक लपवून जुनी पाटी नवी करणं म्हणजे उलट खोटेपणाच की.

शेवटी ठरलं असं की पोर्चमध्ये नवा ग्रॅनाइट, जूनचा. जुनी पाटी आतल्या सोप्यात, फुटका कोपरा तसाच ठेवून, आणि खालच्या मोकळ्या जागेत बारीक एक ओळ, 'वरील जन्मतारीख त्या काळच्या समजुतीनुसार'. ती मात्र मशीनवर नाही, छन्नीनंच कोरली, जुन्या अक्षरांच्या वळणाला वळण जुळवत, दीड दिवस गेला.

बिल दिलं तेव्हा सेक्रेटरी सोप्यात जाऊन बोटानं अक्षरं मोजून आले. "एकोणीसच भरत्यात, तुम्ही बावीस कशी लावली?"

म्हटलं तीन जोडाक्षरं आहेत साहेब, त्याला डबल पडतंय.

काका बाकड्यावर बसून हसत होते. "दे की रे," म्हणाले, "जुलैचा एक हार वाचलाय तुझा आता."

"कुठला वाचतोय," सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही घालणारच की."